विश्लेषण : सातबारा असूनही अनिवासींना शेती का घेता येत नाही?

दुबईत नोकरी करणारा अनिवासी भारतीय रिझर्व्ह बँकेची परवानगी न घेता पुण्यात चार सदनिका घेऊ शकतो. गावी चुलत्याने विकायला काढलेली दहा गुंठे शेती मात्र त्याला घेता येत नाही. परकीय चलन व्यवस्थापन कायदा (फेमा) आणि त्याखालील २०१९ चे नियम शेतजमीन, मळे व फार्महाऊस यांची खरेदी अनिवासींना आणि ओसीआय कार्डधारकांनाही नाकारतात.

गोंधळ होतो तो सातबाऱ्यामुळे. महाराष्ट्रात शेतजमीन घेण्यासाठी खरेदीदार शेतकरी असावा लागतो. वडिलोपार्जित जमिनीवर नाव असेल तर ही अट पूर्ण होते. दलाल एवढेच सांगतात. पण कुळकायद्याने शेतकरी ठरलेला माणूस फेमासाठी अनिवासीच राहतो. व्यवहार उघडकीस आला तर रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. भावाच्या नावावर पैसे गुंतवावेत, तर कागदोपत्री मालक भाऊच.

वारसाहक्काने आलेली शेती मात्र ठेवता येते, परदेशी जाण्यापूर्वी घेतलेलीही. विकायची झाल्यास ती भारतातील रहिवाशालाच विकावी लागते. बक्षीसपत्राचा मार्गही बंद आहे. म्हणजे वडिलांनी हयातीत दिलेली जमीन चालत नाही, त्यांच्या पश्चात आलेली चालते! परदेशी पैशाने शेतीचे भाव फुगू नयेत, हा हेतू रास्तच. पण एकाच गटातील भावंडाचा हिस्सा घेणारा आणि शंभर एकरांवर डोळा ठेवणारा गुंतवणूकदार यांत नियमांनी फरक करायला हवा.