गल्लीचा अर्ज कोण घेणार?

मीरा-भाईंदरमधल्या गोल्डन नेस्ट चौकालगतचा उड्डाणपूल जानेवारी 2026 मध्ये अचानक देशभर प्रसिद्धीस आला. चार मार्गिकांचा हा पूल पुढे जाऊन दोनच मार्गिकांचा होतो, हे दाखवणारी छायाचित्रे घरोघरच्या मोबाइलवर पोचली आणि हसून झाल्यावर लोकांनी कारण विचारले. मग पूल बांधणाऱ्या एमएमआरडीएने खुलासा केला की आराखड्यात चूक नाही. उरलेल्या दोन मार्गिका पुढे भाईंदर पश्चिमेला जोडण्यासाठी राखून ठेवल्या आहेत. असेलही तसे. पण ज्यांच्या खिडकीसमोर हे खांब उभे राहिले, त्यांना सुरुवातीलाच नकाशा दाखवला असता, तर 'अहो, इथे गाड्या तुंबणार नाहीत का?' हा प्रश्न पहिल्याच बैठकीत पुढच्या रांगेतल्या एखाद्या काकूंनी विचारला असता. खुलासाही तिथेच झाला असता, चहाबरोबर.

अडचण एवढीच की अशी बैठक भरवण्याची सोय या शहरात नाही. तक्रारीची सोय मात्र भरपूर आहे. महापालिका आयुक्तांचा लोकशाही दिन असतो, महिन्याच्या पहिल्या सोमवारी. अर्ज विहित नमुन्यात, 15 दिवस आधी, दोन प्रतींत द्यायचा. आणि शासनाची अट अशी की तक्रार वैयक्तिक स्वरूपाची हवी. आता उत्तनच्या धावगी डोंगरावर कचरा पेटतो, त्याचा धूर वैयक्तिक कसा करायचा? तो सबंध गावाच्या नाकात जातो. भर पावसात तुंबलेला नाला, फेरीवाल्यांनी आणि दुचाक्यांनी वाटून घेतलेला पदपथ, सूर्या पाणीपुरवठा योजनेच्या रोजच्या 403 दशलक्ष लिटरपैकी या शहरासाठी ठरलेल्या 218 दशलक्ष लिटरमधून आपल्या भागाला येणार किती, यातले काहीच एकट्याचे नाही. सगळ्या गल्लीचे दुखणे म्हणजे कोणाचेच दुखणे नाही, असा हा हिशेब आहे. त्या मानाने झाडांचे बरे. राज्याच्या 1975 च्या वृक्ष कायद्यानुसार झाड तोडण्याआधी वर्तमानपत्रात सूचना द्यावी लागते, खुद्द झाडावर नोटीस चिकटवावी लागते आणि हरकतीसाठी सात दिवस ठेवावे लागतात. माणसांच्या बुंध्यावर अशी नोटीस अजून कोणी लावलेली नाही.

गंमत म्हणजे या शहराला पूर्वी बैठकीची अशी सोय होती. 1985 मध्ये नगर परिषद झाली ती भाईंदर, मीरा, काशी, नवघर, घोडबंदर या ग्रामपंचायती मिळून. राज्याच्या 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याने गावाला ग्रामसभा दिली आहे. ती आज वर्षातून किमान चारदा भरवावी लागते आणि सरपंचाला मतदारांसमोर बसून उत्तर द्यावे लागते. ग्रामसभांचे फार गोडवे गाण्याचे कारण नाही. 15 टक्के किंवा 100 मतदारांची गणपूर्ती होत नाही म्हणून सभा तहकूब करायची आणि पुढची, गणपूर्तीची अट नसलेली, निवांत उरकायची, ही कला गावोगाव मुरलेली आहे. तरी उभे राहून विचारण्याचा हक्क तिथे आहे. गाव वाढले, नगर परिषद झाली, 28 फेब्रुवारी 2002 रोजी महापालिका झाली. लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत आठ लाखांच्या पुढे गेली. बढत्या मिळत गेल्या आणि विचारण्याची जागा तेवढी मागे राहिली.

कायद्याला हे सुचले नव्हते असे नाही. केंद्राच्या नागरी विकास योजनेचा निधी हवा म्हणून का होईना, राज्याने 2009 मध्ये महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद घातली. प्रभागाचे लहान भाग पाडायचे, त्या भागातले सगळे मतदार सभेचे सदस्य, अध्यक्षपद नगरसेवकाकडे. म्हणजे शहरातली ग्रामसभाच. निधी आला, संपला, योजनेचे नावही बदलले. क्षेत्रसभा मात्र नियमित भरते असे महाराष्ट्रातले मोठे शहर दाखवणे कठीण आहे.

मीरा-भाईंदरला तर मधल्या काळात नगरसेवकच नव्हते. ऑगस्ट 2022 मध्ये मुदत संपली, ती निवडणूक थेट 15 जानेवारी 2026 ला. तीन वर्षांहून अधिक काळ शहर प्रशासकाच्या हाती. त्यातच जुलै 2025 मध्ये मीरा रोडला कोणती भाषा बोलावी यावर मोर्चे निघाले आणि सगळा देश त्यावर तावातावाने बोलला. पालिकेला दिलेल्या निवेदनाचे पुढे काय झाले, हे विचारायला तिथल्या खिडकीशी गेलेल्याचा अनुभव मात्र मराठी, हिंदी, गुजराती, तिन्हींत सारखाच होता.

आता 95 नगरसेवक निवडून आले आहेत. त्यांच्याकडे क्षेत्रसभेचा विषय काढून पाहावा. 'आमचे कार्यालय रोज उघडे असते, या की,' असे उत्तर येईल, आणि ते खोटेही नसेल. कार्यालयात शेठ किंवा भाऊ खुर्चीत असतात, रहिवासी समोर उभा असतो, काम झाले तर उपकार होतो आणि न झाले तर त्याची नोंद राहत नाही. सभेत इतिवृत्त लिहावे लागते. मागच्या सभेत काय कबूल केले होते, हे पुढच्या सभेत वाचून दाखवले जाते. एवढा धोका कोण पत्करील? शिवाय 24 पैकी 23 प्रभागांत प्रत्येकी चार नगरसेवक आहेत. सभेच्या फलकावर कोणाचा फोटो मोठा छापायचा, हे आधी ठरवावे लागेल.