अर्ज वर, कारवाई खाली

सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात प्लगमधून ठिणग्या उडू लागल्या, तर इन्चार्ज सिस्टरला इलेक्ट्रिशियन बोलावण्याचा अधिकार नाही. तोंडी सांगता येतं. तो आला तर नशीब. रीतसर मार्ग अर्जाचा. अर्ज मेट्रनकडे. तिच्या शेऱ्यासह तो वैद्यकीय अधिकाऱ्याकडे, तिथून कार्यालयात, कार्यालयातून सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विद्युत शाखेकडे. तोवर सिस्टरने काय करायचं? प्लगवर चिकटपट्टी लावायची आणि जावक क्रमांक जपून ठेवायचा. उद्या काही घडलं, तर तेवढाच तिचा पुरावा.

घडतंही. ९ जानेवारी २०२१ ला मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागली. दहा बाळं गेली. जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले, हेही नोंदवलं पाहिजे. इन्चार्ज सिस्टरही निलंबित झाली. कंत्राटी परिचारिकांची सेवाच संपवली गेली. निलंबित व्हायलासुद्धा कायम नोकरी लागते. पुढे पोलिसांनी गुन्हा दाखल केला, तो दोन परिचारिकांवर. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला. अटक झाली चौघींना. एक वैद्यकीय अधिकारी, तीन परिचारिका.

आग लागली तेव्हा कोण कुठे होतं, हे विचारायलाच हवं. रुग्णाजवळ असणं हे परिचारिकेचं काम आहे आणि त्यात कसूर झाली असेल तर ती न्यायालय ठरवेल. पण वायरिंग तिचं नव्हतं. अग्निशमन यंत्रणा तिची नव्हती. इमारत तर नव्हतीच. ज्या टेबलांवर हे विषय होते, ती टेबलं वॉर्डापासून बरीच लांब होती. अर्ज पायऱ्या चढत जातो, कारवाई मात्र लिफ्टने थेट तळमजल्यावर उतरते.

हे फक्त आगीपुरतं नाही. वॉर्ड घाण दिसला की बोलणी सिस्टर खाते. पण सफाई अनेक ठिकाणी ठेकेदाराकडे असते. मामा-मावशींची, म्हणजे वॉर्डबॉय आणि आयांची, हजेरी आणि रजा कार्यालय बघतं. ते आले नाहीत, तर सिस्टर त्यांची विनवणी करू शकते, फार तर तक्रार लिहू शकते. तिच्या एकटीच्या नावावर पक्कं काय असतं? साठा नोंदवही. चादरी, ट्रे, थर्मामीटर, खुर्च्या. बदली झाली की नव्या सिस्टरला एकेक वस्तू मोजून चार्ज द्यायचा. चादर कमी भरली तर हिशेब तिनेच द्यायचा. चादरीचा जाब तिला विचारता येतो, तर प्लग बंद करायचा हक्क तिला का नाही?

वरच्या पायरीवर मेट्रनची गत फारशी वेगळी नाही. मोठ्या रुग्णालयात तिच्या हाताखाली शेकडो परिचारिका असतात. तिच्या हातात खरोखर असते ती ड्यूटी लावण्याची यादी. एका वॉर्डातली नर्स उचलून दुसरीकडे पाठवायची, रजा नाकारायची, रात्रपाळी फिरवायची. माणसं कमी पडली, तर नवी मागायची, तीही अर्जानेच. याला आपण शुश्रूषा व्यवस्थापन म्हणतो.

रात्री दोन वाजता वॉर्डात कोण असतं, हे सर्वांना ठाऊक आहे. धोकादायक जोडणी बंद करण्याचा, खाट वापरातून काढण्याचा आणि मग वरच्यांना कळवण्याचा लेखी अधिकार ड्यूटीवरच्या सिस्टरला देता येईल. खाट कमी झाली की रुग्ण कुठे हलवायचा, हा प्रश्न येईल. तो डॉक्टरांनी सोडवावा. यासाठी नवं पद नको, निधी नको. एक परिपत्रक हवं. चौकशी समिती नेमण्याचा आदेश काही तासांत निघतो, तसंच हेही निघू शकतं.