डोक्यावर प्रकाश टाकून डिप्रेशन बरं होतं का?

डोक्यावर हेल्मेट घाला, रोज काही मिनिटं बसा आणि नैराश्य घालवा, असे दावे करत प्रकाश सोडणारी उपकरणं ऑनलाइन विकली जात आहेत. यामागचं विज्ञान काय सांगतं?

प्रकाश काय करतो?

डोळ्यांना जवळपास न दिसणारा निअर-इन्फ्रारेड प्रकाश कपाळावर सोडला जातो. त्याचा अगदी थोडा भाग कवटीतून मेंदूच्या वरच्या थरापर्यंत पोहोचतो. तिथल्या पेशींमध्ये त्यामुळे ऊर्जा वाढत असावी, असा संशोधकांचा अंदाज आहे.

पुरावा किती?

२०१८ मध्ये अमेरिकेतल्या 'एलेटेड-२' चाचणीचे निष्कर्ष आले. २१ रुग्णांपैकी काहींना ८ आठवडे, आठवड्यातून दोनदा खरा प्रकाश दिला. बाकीच्यांना नुसतंच उपकरण लावलं. खरा प्रकाश मिळालेल्यांची लक्षणं जास्त कमी झाली. पण नुसतं उपकरण लावलेल्यांनाही थोडा फरक पडलाच!

२०२२ मध्ये 'एलेटेड-३' चाचणीचे निष्कर्ष आले. त्यात प्रकाशाची मात्रा खूप कमी होती आणि दोन्ही गटांत फरक दिसला नाही.

मग करायचं काय?

प्रकाश किती, किती वेळ आणि कोणाला द्यायचा, हेच अजून ठरलेलं नाही. त्यामुळे 'मला बरं वाटलं' असा एखादा रिव्ह्यू म्हणजे पुरावा नव्हे. हेल्मेटच्या भरवशावर गोळ्या परस्पर बंद करणं धोक्याचं आहे. नैराश्यावर औषधं आणि समुपदेशन हे तपासलेले उपचार आहेत. मदतीसाठी सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे १४४१६.