चावी फिरली, बिंग फुटले

जनरल मोटर्स ही १९०८ साली निघालेली बलाढ्य अमेरिकन मोटार कंपनी. तिच्या कोबाल्ट गाडीचे मालक २००५ पासून तक्रार करीत : धावत्या गाडीत चावी आपोआप फिरते, इंजिन बंद पडते. मग अपघातात एअरबॅगही फुगत नसे. पुढे तो स्विच गुपचूप बदलला गेला, नंबर मात्र जुनाच ठेवला! रस्त्यावरच्या गाड्या तशाच राहिल्या. जॉर्जिया राज्यात मुलगी गमावलेल्या आईवडिलांनी कोर्टात धाव घेतली, तेव्हा बिंग फुटले. २०१४ मध्ये लाखो गाड्या परत मागवाव्या लागल्या. भरपाई निधीने १२४ मृत्यू मान्य केले. वाचकहो, आम्ही एवढेच सांगतो : तक्रार लेखी द्या, पोच घ्या, पाठपुरावा सोडू नका.