काचेच्या नळीवाचूनची ऊब

गेल्या महिन्यात अकरावीत शिकणारा माझा नातू एक कागद घेऊन समोर उभा राहिला. त्यावर व्हॉल्व्हच्या गिटार अ‍ॅम्प्लिफायरची किंमत लिहिलेली होती. आयुष्यभर कर्जप्रस्ताव वाचल्यामुळे माझी नजर आधी रकमेवर जाते, मग कारणावर. रक्कम त्याच्या गिटारच्या चौपट होती. "आजोबा, माझ्या ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पवर सूर कोरडा येतो. बँडमधले मित्र हसतात," एवढेच कारण.

मी नाही म्हटले, सवयीनेच म्हटले. रात्री मात्र झोप लागेना. त्याच वयात मी वडिलांकडे मॅण्डोलिन मागितले होते आणि त्यांनी दुकानाच्या गादीवरून मान वर न करता नकार दिला होता. कारण विचारण्याची आमच्याकडे प्रथा नव्हती. मी एम.कॉम. झालो, बँकेत लागलो, वाद्य राहून गेले. नकार द्यायचाच असेल तर निदान प्रस्ताव पूर्ण वाचून द्यावा, असे मनाशी ठरवले.

गुलमंडीच्या जुन्या घरातील व्हॉल्व्हचा रेडिओ मला चांगला आठवतो. बटण फिरवल्यावर नळ्या तापेपर्यंत तो गप्प असे आणि मग भरदार, मऊ आवाज खोलीत पसरे. ही मृदुता येते कुठून? आवाज मर्यादेबाहेर वाढला की ट्रान्झिस्टर बहुधा लहरीचा माथा सरळ कापून टाकतो. व्हॉल्व्ह तो हळूहळू गोलावत नेतो. व्यापारी वाचकांना त्यांच्याच भाषेत सांगायचे तर ट्रान्झिस्टर म्हणजे कॅश क्रेडिटची मर्यादा ओलांडताच चेक परत करणारा शाखाधिकारी, तर व्हॉल्व्ह म्हणजे गिऱ्हाईक ओळखून थोडी ढील देणारा जुना सावकार. (मी पहिल्या प्रकारातला होतो, हे कबूल करतो.)

पण सगळी ऊब नळीतच असते असे नाही. गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमधील स्पीकर साधारण ५,००० हर्ट्झच्या वरचे सूर फारसे बाहेर सोडत नाही. कर्कशपणा तेथेच गळतो. उरलेले काम वादकाच्या बोटांचे. वेस माँटगोमेरी हा अमेरिकी जॅझ वादक तारा नखीने न छेडता अंगठ्याने छेडी, आणि त्याने स्टँडेल कंपनीचा ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर वापरला होता. बी. बी. किंग यांनी लॅब सिरीज एल-५ हा बिनव्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर वर्षानुवर्षे वापरला. त्यांच्या सुराला कोणी कोरडा म्हटल्याचे ऐकिवात नाही.

हे वाचून दाखवल्यावर नातवाचा चेहरा थोडा सैलावला. मग आम्ही दोघे त्याच्या जुन्या अ‍ॅम्पसमोर बसलो. तो सर्व बटणे शेवटपर्यंत फिरवून वाजवीत असे. प्रथम अ‍ॅम्पचे स्वतःचे डिस्टॉर्शन बंद केले, ट्रेबल निम्म्याखाली आणले, मिडल वाढवले. गिटारवर पट्टीकडच्या बाजूचा पिकअप निवडला, टोनचे बटण दहापैकी पाचवर आणि व्हॉल्यूम सातवर ठेवला. नखी जाड घेतली. एवढ्यानेच खोलीतील आवाज बदलला, आणि खर्च काय तो नखीचा!

त्यानंतर एका मित्राकडून ओव्हरड्राइव्ह पेडल चार दिवसांसाठी आणले. आयबानेझचे ट्यूब स्क्रीमर नावाचे पेडल १९७० च्या दशकाच्या अखेरीस आले. नावात ट्यूब असली तरी आत एकही नळी नाही. एक चिप आणि काही डायोड लहरीचे माथे हळुवार गोल करतात, खर्ज थोडा कमी होतो आणि मधले सूर पुढे येतात. ड्राइव्ह अगदी कमी ठेवायचा, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी उमगले. पेडल थेट हेडफोनला जोडले तेव्हा मात्र डास गुणगुणल्यासारखा आवाज आला. मध्ये स्पीकरच नव्हता, तर वरचे सूर गाळणार कोण? तेथे स्पीकर पेटीची नक्कल करणारे उपकरण लागते.

अडचण उरली ती लहानशा स्पीकरची. बारा इंची स्पीकरची वेगळी पेटी जोडता येते. मात्र अ‍ॅम्पवर किमान जितके ओहम लिहिलेले असतात त्याहून कमी ओहमचा स्पीकर जोडू नये. ही पेटी मी घेऊन दिली. कागदावरील रकमेच्या मानाने तो खर्च किरकोळ होता.

तरीही नातवाच्या मनात सल होता: "पण हे नकलीच ना, आजोबा?" तेव्हा मी त्याला १९५४ च्या 'नागिन' चित्रपटातील बीन ऐकवली. संगीतकार हेमंतकुमार, पण ती बीन गारुड्याची नव्हे. कच्छहून मुंबईत येऊन किराणा दुकान चालवणाऱ्या वीरजी शहांचे पुत्र कल्याणजी यांनी ती क्लॅव्हिओलिन या पाश्चात्त्य विद्युत वाद्यावर वाजवली होती. गंमत अशी की त्या वाद्यात व्हॉल्व्हच होते. देशभर लोक त्या सुरावर डोलले. पेटीत काय आहे ते कोणी विचारले नाही. नातवाने ती बीन तीनदा ऐकली आणि गिटारवर शोधू लागला.

व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर वाईट असतो असे मी म्हणणार नाही. मात्र त्यात शेकडो व्होल्टचा दाब असतो, बंद केल्यावरही काही काळ कपॅसिटरमध्ये विद्युतभार राहतो, नळ्या झिजतात. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने एकेकाळी रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले. आता ते रशिया, स्लोव्हाकिया वा चीनहून येतात. शिवाय खरी ऊब येण्यासाठी तो मोठ्याने वाजवावा लागतो, आणि आमच्या घराची भिंत शेजाऱ्यांशी सामाईक आहे.

दिवाळीनंतर पुण्यास जाऊन असा अ‍ॅम्प्लिफायर प्रत्यक्ष ऐकायचे ठरले आहे. गिटार आमची आम्ही नेणार. प्रस्ताव मी अद्याप फेटाळलेला नाही, आणि तो कागद माझ्या पासबुकात घडी घालून ठेवला आहे.