जुनी व्हॅन घ्यावी की जुनी बोलेरो?

आठवडी बाजार करणारा सातारा-सांगलीकडचा कापड, बांगड्या, चपला किंवा बेकरीच्या मालाचा व्यापारी चार पैसे गाठीला लागले की मोटारसायकलवरून चारचाकीवर येतो. नवी गाडी परवडत नाही. मग त्याच रकमेत बऱ्यापैकी व्हॅन घ्यावी, की तिच्यापेक्षा पुष्कळ जुनी बोलेरो, स्कॉर्पिओ किंवा सुमो? आमचे बरेच बांधव दुसरीकडे झुकतात. दारात मोठी गाडी असली की चार लोकांत वजन वाढते, हे त्यामागचे खरे कारण. आम्हाला हा हिशेब पटत नाही.

व्हॅन म्हणजे आपल्याकडे ओम्नी आणि ईको. ओम्नी २०१९ साली बंद झाली, सुमोही त्याच वर्षी. ईको २०१० पासून आजही निघते, त्यामुळे सुटे भाग सहज मिळतात. मिरजेच्या बोळात किंवा भर बाजारात सरकते दार मोठ्या कामाचे. बाहेर उघडणारे दार तिथे आडवे येते. पेट्रोल इंजिनाचे काम गावातला मिस्त्रीही करतो. जुन्या डिझेल गाडीचा पंप, इंजेक्टर किंवा टर्बो गेला, तर सीझनची कमाई गॅरेजमध्ये जाते.

मोठी गाडी सुरक्षित, हा युक्तिवादही तपासून घ्यावा. २०१६ साली ग्लोबल एनकॅपने केलेल्या धडक चाचणीत ईको आणि बिनएअरबॅगची स्कॉर्पिओ, दोघींनाही शून्य तारे मिळाले. अर्थात ओम्नीत पुढे बसणाऱ्याचे गुडघे जवळजवळ बंपरलाच असतात, तेव्हा हायवेला वेग आवरलेलाच बरा.

बोलेरो कुणी घ्यावी? ज्याला कराडहून कुंभार्ली घाटाने चिपळूणला भरल्या गाडीने वरचेवर जावे लागते, किंवा पाटण-जावळीच्या वाड्यावस्त्यांवर पावसाळ्यातही माल पोचवायचा असतो, त्याने. भक्कम चासी आणि डिझेलची ओढ तिथे उपयोगी पडते. ७९६ सीसीची ओम्नी भरून पसरणीचा घाट चढवणे म्हणजे तिचा छळच. पण तासगाव, विटा, इस्लामपूर असे डांबरी रस्त्याचे बाजार करणाऱ्याला हे बळ लागतच नाही.

घेताना व्हॅनचा पत्रा खालून पाहावा, दाराची पट्टी गंजली आहे का ते बघावे. इंजिन पुढच्या सीटखाली असते. सीट उचलून पाणी गळते का पाहावे. सीएनजी असल्यास किटची नोंद आरसी बुकात हवी आणि टाकीची तीन वर्षांनी होणारी चाचणी झालेली हवी. बोलेरो-सुमो वडापला चाललेली असू शकते, तेव्हा मीटरवर जाऊ नये. पेडलचे रबर आणि चासीवरचे वेल्डिंग काय सांगते ते पाहावे. गाडी थंड असताना सुरू करून धूर बघावा. आणि खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे तपासणी आणि हरित कर आलाच. चौदा वर्षांची बोलेरो स्वस्त का मिळते, ते इथे कळते.

कागदांत मात्र हयगय नको. २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, कर्ज फिटले असेल तर बोजा उतरवण्याचा ३५ नंबरचा, आणि गाडी एमएच-११ ची असून एमएच-१० मध्ये आणायची तर ना-हरकत दाखला. विकणाऱ्यानेही ‘नंतर बघू’ म्हणू नये. नावावर गाडी आहे तोवर अपघाताची भरपाई नोंदणीकृत मालकावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे.