बॅकअप आहे, पण वाचता येतो का?

"बॅकअप आहे ना?" असं विचारलं की घरोघरी ठरलेलं उत्तर मिळतं, "आहे की, सीडीवर टाकून ठेवलाय." माझ्या मते हा प्रश्नच अर्धा आहे. ती फाईल दुसऱ्या मशीनवर उघडून कुणी वाचून पाहिली आहे का, हे विचारायला हवं. मराठी मजकूर असेल तर दोनदा.

आमच्याच घरचं उदाहरण देतो. काकांनी १९९८ मध्ये कुळवृत्तांताची पुरवणी करायला घेतली. सदाशिव पेठेपासून कोथरूडपर्यंत घरोघरी जाऊन सुनांची माहेरची नावं, कोण कुठल्या गावाहून पुण्यात आलं, कोण लहानपणीच गेलं, सगळं लिहून घेतलं आणि डीटीपी करवून घेतलं. छपाई राहिली. पण काका शिस्तीचे; दोन सीडी, दोन वेगळ्या घरांत. गेल्या वर्षी लावल्या तर दोन्ही ठणठणीत! फाईल उघडली आणि पानभर रोमन अक्षरं न् डोक्यावर टोपी घातलेले ए आणि ओ.

त्याचं असं आहे, की तेव्हाचे फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवायचे. फाईलमध्ये 'क' नसतोच, नुसता एक क्रमांक असतो. त्या क्रमांकाला 'क' काढायचा, हे फक्त त्या फॉन्टला ठाऊक. फॉन्ट गेला की किल्लीच गेली. आकार नव्हे तर अक्षर साठवणारं 'इस्की' हे भारतीय मानक १९९१ मध्येच आलं होतं, युनिकोडमध्येही देवनागरी त्याच वर्षापासून आहे. पण विंडोजमध्ये ती आली विंडोज २००० पासून, आणि छपाईवाले त्यानंतरही कितीतरी वर्षं आपापल्या फॉन्टवरच होते. कागदावर नीट उमटलं की झालं!

याउलट आजोबांच्या जमाखर्चाच्या वह्या. १२ जुलै १९६१ ला पानशेतच्या पुरात भिजल्या, पानं फुगली, चिखलाचे डाग अजून आहेत. पण वाचता येतात. (शाई चांगली असणार.)

आमचा फॉन्ट शेवटी चुलतभावाच्या माळ्यावरच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये सापडला. हौशी मंडळींनी बनवलेल्या कन्व्हर्टरमधून मजकूर युनिकोडमध्ये आणला. तरी पहिली वेलांटी आणि रफार छळतातच. जुन्या फाईलीत वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये बरोब्बर उलट. त्यामुळे घराण्यातल्या झाडून सगळ्या पार्वती 'पावर्ती' झाल्या. त्या कळतात हो, पण आडगावांची नावं? ती खात्रीनं सांगू शकेल अशी आता एकटी आत्याच उरली आहे. रोज दोन पानं तिला वाचून दाखवतो.

असो. नातेवाईक मंडळी, पुरवणीचं शेवटचं प्रकरण अजून मिळालेलं नाही. जुना कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी त्यातलं फॉन्टचं फोल्डर तेवढं उतरवून घ्या, आणि काकांची एखादी फ्लॉपी सापडली तर मला फोन करा.